आधी मेकॅनिक, मग दादासाहेब!

मिक्सर गुर्रकन आवाज करून बंद पडतो. घरातले म्हणतात, दुकानात टाकून ये. दुकानात टाकला की दोन-तीन दिवस चटणीचे वांधे, वर बिल, आणि आत नेमकं काय बिघडलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. आपणही विचारत नाही. वस्तू आपली, पैसे आपले, पण झाकणाच्या आतलं सगळं जग दुसऱ्याचं, हे आपण कधीच मान्य करून टाकलंय.

आता यूट्यूब बघून पंख्याचा कंडेन्सर बदलणारी, इस्त्रीची वायर जोडणारी पोरं-पोरी आपल्या आसपास वाढताहेत. छान आहे. पण ज्या काळात यूट्यूब सोडा, पूर्ण देशात त्या यंत्राचे जाणकार शोधूनही फारसे सापडले नसते, अशा काळात एका नाशिककराने यंत्राचं झाकण उघडलं होतं. त्याचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्याच्या नावाचं स्मारक आहे, आपण तिथे पिकनिकला जाऊन आलोय. चित्रपटातला देशातला सगळ्यात मोठा पुरस्कारही त्याच्याच नावाने देतात.

दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक वगैरे आपण परीक्षेत लिहिलंच आहे. पण जरा जवळ जाऊन त्यांचं आयुष्य बघितलं, तर दिग्दर्शक हा त्यांचा बराच उशिरा लागलेला शोध आहे. त्याआधीची वीस-बावीस वर्षं हा माणूस एकच काम करत होता. समोर येईल ते तंत्र उघडायचं, समजून घ्यायचं आणि स्वतःच्या हाताने चालवून दाखवायचं.

त्र्यंबकचा धुंडिराज

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. म्हणजे आपल्या सीबीएसवरून बस पकडली तर तासाभराच्या अंतरावरचं गाव. वडील संस्कृतचे पंडित, दाजीशास्त्री म्हणून ओळखले जायचे. अशा घरातल्या मुलाने पोथी हातात धरायची, हे ठरलेलं. पण दाजीशास्त्रींना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली, कुटुंब मुंबईला गेलं आणि धुंडिराजाच्या हातात पोथीऐवजी ब्रश आला. १८८५ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला.

पुढचा मुक्काम बडोदा. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं होतं. नावावरून ते फक्त चित्रकलेचं कॉलेज वाटेल, पण तिथे हाताने करायच्या कितीतरी तांत्रिक गोष्टी शिकवत. आजच्या भाषेत आर्ट कॉलेज आणि आयटीआय एकाच छताखाली. तिथले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार. फाळके तिथे चित्रकला शिकले, वास्तुकला शिकले, मातीची मॉडेल्स करायला शिकले. आणि त्याच काळात त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला.

तेव्हाचा कॅमेरा म्हणजे बटण दाबलं आणि झालं, असं नव्हतं. फोटो काढणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं अंधाऱ्या खोलीत रसायनांच्या ट्रेमध्ये. कुठलं द्रावण किती, पाणी किती गार, किती सेकंद बुडवायचं. एक चूक झाली की फोटो गेला. फाळके हे सगळं स्वतः करू लागले. छपाईचे ब्लॉक कसे बनवतात, फोटोवरून दगडी छपाई कशी होते, तेही त्यांनी या काळात शिकून घेतलं. गज्जरांनी त्यांना कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. शिकणाऱ्या पोराला लॅबची किल्ली मिळणं म्हणजे काय, हे इंजिनिअरिंगला असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

नंतर ते गोध्र्याला जाऊन व्यावसायिक फोटोग्राफर झाले. सगळं बस्तान बसतंय तोच प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघंही गेली. फाळके बडोद्याला परतले. तिथे पुन्हा फोटोचा धंदा मांडला, पण लोक कॅमेऱ्यासमोर उभं राहायलाच घाबरायचे. फोटो काढला की अंगातली शक्ती जाते आणि माणूस मरतो, अशी समजूत होती. मग त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि पुढे प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोगही करू लागले. फाळके उलटं वाचलं की केळफा! १९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट निम्मी त्यांची आहे.

ठिपक्यांचा धंदा

हातातल्या या पानावरचा कुठलाही फोटो भिंगाखाली धरून बघा. फोटो नाहीच, नुसते ठिपके दिसतील. जिथे ठिपके मोठे तिथे गडद, जिथे बारीक तिथे फिकट. रंगीत फोटोत वेगवेगळ्या रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी बसवलेले असतात आणि लांबून डोळा त्यांना एकत्र करतो. या ठिपक्यांची कला तेव्हा आपल्याकडे नवी होती आणि ती येणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. फाळके त्यातले एक.

काही काळ पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी केल्यावर ती सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांचा प्रसिद्ध छापखाना तिथून जवळच मळवलीला होता आणि त्याचं काम फाळक्यांकडे यायचं. पुढे छापखाना मुंबईत दादरला आला, नवे भागीदार आले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव झालं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला आणि शिकायला फाळके थेट जर्मनीला जाऊन आले.

छापखाना चांगला चालला आणि नेमकं तेव्हाच भागीदारांशी बिनसलं. फाळके छापखान्यातून बाहेर पडले. यंत्रं, नाव, गिऱ्हाईक, सगळं मागे राहिलं. सोबत आलं ते फक्त डोक्यातलं आणि हातातलं. वय चाळिशीचं, घरात मुलंबाळं आणि कमाई शून्य.

मेणबत्ती आणि भिंत

१९११ मध्ये गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि फाळक्यांच्या डोक्यात राम आणि कृष्ण फिरत होते, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नंतर ते सरस्वतीबाईंनाही हा चित्रपट दाखवायला घेऊन गेले.

आपल्याला इथे इंटरेस्ट आहे तो त्यानंतर त्यांनी काय केलं यात. एखादा सिनेमा आवडला की आपण रिव्ह्यू टाकतो. फाळक्यांनी एक छोटं चित्रपट-यंत्र आणि काही रिळं विकत आणली. रात्री भिंगामागे मेणबत्ती लावायची आणि भिंतीवर चित्रं पाडायची. चित्र हलतं म्हणजे नेमकं काय होतं? पट्टी सरकते की थांबते? थांबत असेल तर किती वेळ? संध्याकाळी चार-पाच तास चित्रपट बघायचे, मग घरी येऊन हे प्रयोग.

शरीराने याचा हिशेब मागितला. आधीच ताण पडलेले डोळे त्या मिणमिणत्या उजेडात आणखी बिघडले. आराम करा, हा डॉक्टरी सल्ला त्यांनी ऐकला नाही आणि एक वेळ अशी आली की दिसणंच जवळपास बंद झालं. ज्याचं सगळं आयुष्य डोळ्यांवर चालतं अशा माणसाची ही अवस्था. डॉक्टर प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार प्रकारचे चष्मे वापरून हळूहळू दृष्टी परत आली. ती आल्यावर या माणसाने काय करावं? पुन्हा भिंतीसमोर जाऊन बसला.

या वेड्यासारख्या प्रयोगांतून त्यांना मूळ गोष्ट सापडली. पडद्यावर काहीच हलत नसतं. एक स्थिर फोटो येतो, क्षणभर थांबतो, झडप पडते, अंधारात पट्टी पुढे सरकते आणि पुढचा फोटो येतो. हे सेकंदाला सोळा वेळा झालं की आपल्याला माणूस चालताना दिसतो. चित्रपटाचं सगळं यंत्र या एका सरक-थांब-सरकवर उभं आहे. ठिपक्यांतून फोटो बनवणाऱ्या माणसाला हे पटकन उमगलं असणार. तिथे डोळा ठिपके जोडतो, इथे फोटो जोडतो.

हे कळल्यावर त्यांनी पैसे देणाऱ्यांना पटवायचा रस्ताही तसाच शोधला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम टिपत राहिले. महिनाभराची वाढ क्षणात पडद्यावर. ज्याला आपण आज टाइमलॅप्स म्हणतो आणि फोनमध्ये एका बटणावर करतो, ते. बी फुटून वेल वर चढताना बघून फोटोग्राफीच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. तारण म्हणून फाळक्यांनी स्वतःच्या विम्याच्या पॉलिसी ठेवल्या. म्हणजे डाव फसला असता तर मागे राहणाऱ्यांसाठी ठेवलेला आधारही गेला असता.

लंडनमध्ये दोन आठवडे

१ फेब्रुवारी १९१२ ला फाळके बोटीने लंडनला निघाले आणि १ एप्रिलला परत आले. दोन महिने वाटतात, पण लंडनमधला मुक्काम होता जेमतेम दोन आठवड्यांचा. उरलेला दीड महिना समुद्रावर. म्हणजे आपल्याकडे एखादा कोर्स ओरिएंटेशनमध्ये संपतो, तेवढ्या वेळात त्यांना चित्रपट बनवणं शिकायचं होतं.

तिथे त्यांच्या ओळखीचं कुणीही नव्हतं. बायोस्कोप नावाचं चित्रपटाचं साप्ताहिक ते वाचायचे, एवढाच काय तो धागा. ते सरळ त्याच्या कचेरीत जाऊन धडकले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या भानगडीत पडू नका असंच सुचवलं. पण समोरच्या माणसाला विषय कळतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टनचा आपला स्टुडिओ फाळक्यांना आतून बघू दिला. चित्रीकरण, धुलाई, छपाई, सगळे विभाग.

दोन आठवड्यांत एवढं सगळं कसं कळलं? कारण नव्याने शिकायचं फार थोडं होतं. कॅमेऱ्याची भिंगं त्यांना माहीत होती. डार्करूम माहीत होती. रसायनं माहीत होती. छापखान्यातली यंत्रं वंगण घालून चालवलेली होती. नाटकाचे पडदे रंगवलेले होते, जादू केलेली होती. वीस वर्षांत जे जे सुटं-सुटं शिकले, ते आता एकमेकांत बसत होतं. आपण ज्याला टाइमपास कोर्स म्हणतो त्यातला एकही वाया गेला नाही.

परतण्याआधी त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि कच्ची फिल्म व फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची ऑर्डर दिली.

घर झालं वर्कशॉप

मे १९१२ मध्ये कॅमेरा मुंबईत पोहोचला. सोबत जोडणीचा एक नकाशा. शिकवायला येणारा माणूस नाही, सर्व्हिस सेंटर नाही, हेल्पलाइन नाही. एखादा भाग चुकीचा बसला किंवा मोडला, तर दुरुस्तीचं दुकान बोटीने तीन आठवड्यांवर! फाळक्यांनी तो नकाशा समोर ठेवून चार दिवसांत कॅमेरा उभा केला.

आणि इथे त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात भारी वाटतं. यंत्र आपल्याला समजलं यावर ते थांबले नाहीत. दादरच्या घरातल्या सगळ्यांना त्यांनी ते शिकवलं. त्र्यंबकेश्वरचे मित्र त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी कॅमेरा चालवायला शिकवला आणि देशाच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचे छायाचित्रकार हेच आपले त्र्यंबकचे तेलंग झाले. हँडल सेकंदाला दोन फेरे या गतीने, एकसारखं फिरवायचं. हात घाईत आला की पडद्यावर माणसं रेंगाळणार, हात रेंगाळला की पडद्यावर पळणार.

सरस्वतीबाईंचं काम त्याहून किचकट. तेव्हा कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. ज्या भोकांत अडकून फिल्म पुढे सरकते ती घरीच पाडावी लागायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म बाद. त्या काळच्या फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नसे, एवढीच काय ती सोय. भोक केसभर जरी सरकलं तरी पडद्यावरचं चित्र थरथरणार.

जरा गणित करून बघूया. राजा हरिश्चंद्रची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रं, म्हणजे झाली ५९ हजारांवर चित्रं. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. बेरीज होते पावणेपाच लाखांच्या आसपास! आणि हे फक्त पडद्यावर दिसलेल्या फिल्मचं. वाया गेलेली आणि कापून टाकलेली वेगळीच. शिवाय फिल्म धुणं, रसायनं मिसळणं, चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहणं आणि युनिटच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. पैसे संपले तेव्हा दागिनेही सरस्वतीबाईंचेच गेले. फाळक्यांना जनक म्हणताना आपण या बाईंचं नाव किती सहज विसरतो, नाही?

तारामतीचं काम करायला एकही स्त्री तयार झाली नाही, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सहा-सात महिने काम चाललं. २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरमध्ये निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र सगळ्यांसाठी लागला.

जादूगार पेटी उघडतो

पहिल्या यशानंतर त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. मोहिनी भस्मासुर आणि सत्यवान सावित्री इथेच झाले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं आणि पडद्यावर पहिल्यांदाच बाईची भूमिका बाईने केली. गोदेचा घाट, देवळं, डोंगर, भरपूर ऊन. बॉलिवूड हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी नाशिक ही चित्रपटनगरी होती.

१९१७ च्या लंकादहनमध्ये साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. हनुमान उडाला. १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये फाळक्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि कालियाच्या फण्यावर नाचली. त्या वेळच्या प्रेक्षकांसाठी हे साक्षात दर्शन होतं. लोक पडद्याला हात जोडायचे.

आता विचार करा. माणूस मुळात जादूगार. जादूगाराचा पहिला नियम काय, तर ट्रिक सांगायची नाही. फाळक्यांनी काय केलं? चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक लघुपटच काढला! दिग्दर्शन कसं होतं, फिल्म कशी जोडतात, हे स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन दाखवलं. नवयुग मासिकात लेख लिहून आपण हे सगळं कसं शिकलो ते सविस्तर सांगितलं. देव कसा गायब होतो? कॅमेरा थांबवायचा, नटाला बाजूला करायचं, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. बस. एवढंच.

आज कुठल्याही रीलमध्ये हीच ट्रिक आपण वापरतो. त्यांच्या त्या लघुपटाचे उरलेले तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले आहेत. फिल्मची पट्टी हातात घेऊन निरखणारे फाळके त्यात दिसतात. जगातला पहिला मेकिंग व्हिडिओ वगैरे दावा करायची गरज नाही. पण झाकण उघडून लोकांना आत डोकावू देणारा हा माणूस होता, हे त्यातून नक्की दिसतं.

जे उघडता आलं नाही

गोष्ट इथे संपली असती तर छान प्रेरणादायी झाली असती. पण आयुष्य पुढे चाललं.

१९१४ मध्ये फाळके चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, तिथेच राहून काम करायचे प्रस्ताव आले, त्यांनी ते नाकारले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. भारतातून येणारा पैसा आटला आणि घर पुन्हा कर्जात बुडालं. लंकादहनने सावरलं. मग १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पैसे त्यांचे, कसब फाळक्यांचं. थोड्याच काळात छापखान्यातलंच नाटक पुन्हा सुरू झालं. खर्च किती, वेळ किती, शेवटचा शब्द कुणाचा. फाळके वैतागून बाहेर पडले, काशीला जाऊन राहिले, तिथे रंगभूमी हे नाटक लिहिलं. १९२२ मध्ये ते कंपनीत परत आले, पण आता ते पगारी माणसासारखे होते. कॅमेऱ्यातला प्रत्येक स्क्रू ज्याला पाठ होता, त्याला कंपनीच्या कागदपत्रांतली कलमं मात्र दोन्ही वेळा महागात पडली.

मग बोलपट आला. १९३१ मध्ये आलमआरा बोलू लागली. फाळक्यांचा शेवटचा मूकपट सेतुबंधन तयार झाला तोपर्यंत प्रेक्षक आवाज मागत होते, म्हणून त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण केला. हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. वय ६७. आवाजाची यंत्रणा महाग होती, मोठ्या स्टुडिओची होती. दादरच्या घरात नकाशा पसरून चार दिवसांत जोडता येईल अशी ती नव्हती. पहिल्यांदाच असं यंत्र समोर आलं होतं जे एका कुटुंबाच्या हातात मावत नव्हतं.

शेवटची वर्षं नाशिकमध्ये तशी विस्मरणातच गेली. १६ फेब्रुवारी १९४४ ला दादासाहेब इथेच वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ उजाडलं. म्हणजे मधली पंचवीस वर्षं आपल्यालाही त्यांची फार आठवण नव्हती.

आपल्या हातातलं यंत्र

दादासाहेबांच्या यंत्राबरोबर जोडणीचा नकाशा आला होता. आपल्या फोनबरोबर काय येतं? बारीक अक्षरातली एक घडी आणि उघडू नका अशी सूचना. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, स्क्रू असे की घरातला कुठलाच स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, सुटे भाग बाजारात मिळतील याची खात्री नाही. दुरुस्तीपेक्षा नवीन घ्या, हे आपल्याला इतक्यांदा ऐकवलंय की ते आता आपलंच मत वाटतं.

याविरुद्ध जगभर राइट टू रिपेअर नावाची मागणी जोर धरतेय. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि गाड्या, हे चार विभाग तिने आधी हातात घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. मागणी साधी आहे. माहितीपत्रक द्या, सुटे भाग द्या, आणि वस्तू उघडायचा हक्क विकत घेणाऱ्याला द्या.

हक्क मिळेल तेव्हा मिळेल. तोवर एक गोष्ट आपल्याच हातात आहे. मिक्सर दुकानात टाकायचाच असेल तर टाका, दुकानदारही पोटापाण्याचा धंदा करतोय. पण तो उघडत असताना तिथे उभे राहा आणि काय बिघडलं ते विचारा. आणि घरी स्वतः काही दुरुस्त केलंत, तर धाकट्या भावंडाला, आईला, आजीला शेजारी बसवून दाखवा. कारण दादासाहेबांनी एकट्याने कॅमेरा जोडला असता आणि कुणाला हात लावू दिला नसता, तर ती पावणेपाच लाख भोकं पाडली कुणी असती?

चौकट : झाकण उघडण्याआधी

• आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पंख्यासारखी कायम जोडलेली वस्तू असेल तर मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने तपासा.

• प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. स्क्रू काढलेल्या क्रमाने वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. जोडणीचा नकाशा मिळाला नाही तर तो आपणच बनवायचा.

• मिक्सर एकदम बंद पडला? बऱ्याच मिक्सरना खालच्या बाजूला ओव्हरलोडचं छोटं बटण असतं. भांडं उतरवून, मोटर गार होऊ देऊन ते दाबा. अनेकदा एवढंच झालेलं असतं.

• पंखा हळू फिरतोय? बऱ्याचदा कंडेन्सर गेलेला असतो. जुन्यावर लिहिलेला आकडा (अनेक पंख्यांना २.५ एमएफडी) बघून तसाच आणा. जुन्याच्या उघड्या टोकांना हात लावू नका, त्यात वीज साठलेली असू शकते.

• इस्त्री तापत नाही? वायर जिथे इस्त्रीत शिरते तिथे वाकून-वाकून आतून तुटते. प्लग काढलेला असताना मल्टिमीटरच्या बीपवर वायर तपासा. साधा मल्टिमीटर फार महाग नसतो.

• मायक्रोवेव्ह, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि इन्व्हर्टर घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांच्या आत जीवघेणी वीज साठून राहू शकते. फुगलेली मोबाईल बॅटरी आणि एसी-फ्रिजचा गॅस हेही जाणकाराचंच काम.

• वॉरंटी चालू असेल तर आधी ती वापरा. उघडायला पुढे भरपूर वर्षं पडली आहेत.